घनतावाचक पारिभाषिक संज्ञांमधील संभ्रम

घनता ही पदार्थाच्या एकक आकारमानात सामावलेले वस्तुमान दर्शवणारी भौतिक राशी आहे. मराठीत तिच्यासाठी 'घनता' ही संज्ञा रूढ असली, तरी 'सापेक्ष घनता', 'विशिष्ट गुरुत्व', 'विशिष्ट वजन', 'संहती' आणि 'श्यानता' या जवळच्या परंतु भिन्न अर्थांच्या संज्ञांशी तिची वारंवार गल्लत होते. हिंदीतील 'घनत्व' व 'सांद्रता', कन्नड, तेलुगू व मल्याळममधील 'सांद्रता'ची रूपे आणि उर्दूतील 'कसाफत' यांमुळे या गल्लतीत भर पडते. संस्कृतातील एकच शब्द दोन भारतीय भाषांत दोन वेगळ्या राशींसाठी योजला गेल्याची अनेक उदाहरणे या शब्दसमूहात आढळतात. शालेय शिक्षणाबरोबरच दुग्धव्यवसाय, साखर उद्योग आणि शेती या व्यवहारांतही या संभ्रमाला महत्त्व आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे ऊस आणि दूध यांसाठी ओळखले जाणारे तालुके त्याचे चांगले उदाहरण ठरतात.

संकल्पना आणि एकके

वस्तुमानाला आकारमानाने भागले असता घनता मिळते. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत तिचे एकक किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे. प्रयोगशाळेत ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर हे एककही वापरतात. ४° सेल्सिअस तापमानास पाण्याची घनता जवळजवळ १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजेच १ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. बर्फाची घनता सुमारे ०.९२, लोखंडाची ७.८७, पाऱ्याची १३.६ आणि सोन्याची १९.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे. तापमान बदलले की बहुतेक पदार्थांचे आकारमान बदलते व त्यामुळे घनताही बदलते. म्हणून घनतेच्या काटेकोर नोंदीसोबत तापमान लिहिणे आवश्यक असते.

घनता हा पदार्थाचा गुणधर्म आहे, विशिष्ट वस्तूचा नव्हे. लोखंडाचा खिळा आणि लोखंडाची तुळई यांची वजने भिन्न असली, तरी घनता एकच असते. 'जड' आणि 'हलका' हे बोलीतील शब्द हा भेद दाखवत नाहीत. 'लोखंड कापसापेक्षा जड असते' या वाक्यात घनता अभिप्रेत असते, तर 'हे पोते त्या पोत्यापेक्षा जड आहे' या वाक्यात वजन.

'घन' शब्दाचे अर्थ

संस्कृतातील 'घन' हा शब्द 'हन्' म्हणजे मारणे, ठोकणे या धातूशी जोडला जातो. ठोकून घट्ट झालेला, दाट, निबिड असे त्याचे अर्थ आहेत. लोहाराच्या मोठ्या हातोड्याला मराठीत 'घण' म्हणतात, तो याच शब्दाचा तद्भव होय. काव्यात घन म्हणजे मेघ. गणितात घन म्हणजे एखाद्या संख्येचा तिसरा घात आणि सहा समान चौरस पृष्ठे असलेली आकृती. 'घनमूळ' व 'घनफळ' हे शब्द याच अर्थावरून आले आहेत. भौतिकशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत द्रव्याच्या तीन अवस्थांना 'घन, द्रव आणि वायू' म्हटले जात असे. पुढे पाठ्यपुस्तकांत 'घन'ऐवजी 'स्थायू' ही संज्ञा आली.

या अनेकार्थतेमुळे तीन प्रकारचे गैरसमज संभवतात. पहिला, घनता हा केवळ घन म्हणजे स्थायू पदार्थांचा गुणधर्म आहे असे वाटणे. प्रत्यक्षात द्रव आणि वायूंनाही घनता असते. दुसरा, घनता आणि घनफळ या शब्दांतील साम्यामुळे आकारमानालाच घनता समजणे. 'घनमीटर' या एककातील 'घन' हा तिसऱ्या घाताचा निदर्शक आहे. त्याचा घट्टपणाशी संबंध नाही. तिसरा गैरसमज लिपीतून उद्भवतो. देवनागरीत 'घ' व 'ध' ही अक्षरे दिसायला जवळची असल्याने हस्तलिखितात किंवा अस्पष्ट छपाईत 'घन' आणि 'धन' यांत गोंधळ होतो. गणितात धन संख्या म्हणजे शून्यापेक्षा मोठी संख्या, तर घन संख्या म्हणजे एखाद्या पूर्णांकाचा तिसरा घात.

बोलीतील शब्द आणि शास्त्रीय राशी

मराठी बोलीत दाट, घट्ट, पातळ, विरळ, जड, हलका हे शब्द घनतेच्या आसपासच्या अर्थांनी वापरले जातात. त्यांपैकी एकही शब्द घनतेशी पूर्णतः समानार्थी नाही.

'दाट' हा शब्द जंगल, धुके, केस, वस्ती आणि ताक या सर्वांना लागतो. 'घट्ट' हा शब्द वरणाला लागतो तसा झाकणालाही लागतो. द्रवाच्या बाबतीत 'घट्ट' आणि 'पातळ' हे शब्द प्रामुख्याने तो किती सहज वाहतो हे सांगतात. या गुणधर्माची शास्त्रीय संज्ञा 'श्यानता' अशी आहे.

घनता आणि श्यानता या परस्परांवर अवलंबून नसतात. एरंडेल तेल पाण्यापेक्षा कित्येक शे पटींनी अधिक श्यान, म्हणजे बोलीत 'घट्ट' असते. तथापि त्याची घनता सुमारे ०.९६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असल्याने ते पाण्यावर तरंगते. याउलट पारा पाण्याच्या साडेतेरा पट घन असूनही जवळजवळ पाण्याइतक्याच सहजतेने वाहतो. एरंडेल 'दाट' आहे म्हणून त्याची घनता जास्त असली पाहिजे, हा निष्कर्ष बोलीच्या शब्दातून निघतो. मापनाला तो टिकत नाही.

मराठी परिभाषेची जडणघडण

मराठीत आधुनिक विज्ञानविषयक लेखन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातील शालेय पुस्तकांपासून सुरू झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी विज्ञानाच्या विविध शाखांवर मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली. या काळातील लेखकांसमोर इंग्रजी संज्ञांसाठी संस्कृत धातूंपासून नवे शब्द घडवणे किंवा प्रचलित शब्दांना नवा, मर्यादित अर्थ देणे असे दोन मार्ग होते. 'घन'पासून 'घनता' हा दुसऱ्या मार्गाचा नमुना आहे.

आजचा मराठीभाषक प्रदेश त्या वेळी एका प्रशासनाखाली नव्हता. पश्चिम महाराष्ट्र मुंबई इलाख्यात, विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि तेथील 'दारुल तर्जुमा' या अनुवाद संस्थेने अरबी-फारसी धातूंवरून वैज्ञानिक परिभाषा घडवली. नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे सर्व भारतीय भाषांना समान अशी परिभाषा रचण्याचा प्रयत्न केला. परिणामी मराठी भाषकांच्या तीन विभागांत परिभाषेच्या तीन परंपरा अस्तित्वात होत्या.

१९६० साली महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालय अस्तित्वात आले. त्याच्या कामांत विविध विषयांचे परिभाषा कोश तयार करण्याचा समावेश होता. मराठी विश्वकोशाच्या कामासाठीही तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली स्वतंत्र परिभाषा संग्रह सिद्ध करण्यात आला आणि तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाच्या, म्हणजेच 'बालभारती'च्या पुस्तकांमुळे या संज्ञा शाळांपर्यंत पोहोचल्या. केंद्र शासनाने १९६१ मध्ये नेमलेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे काम याच सुमारास हिंदीत स्वतंत्रपणे चालू होते. दोन्ही ठिकाणी मूळ स्रोत संस्कृत असला, तरी प्रत्येक राशीसाठी निवडलेला शब्द एकच राहिला नाही.

मराठीतील निकटच्या संज्ञा

सापेक्ष घनता व विशिष्ट गुरुत्व: पदार्थाची घनता आणि पाण्याची घनता यांचे गुणोत्तर म्हणजे सापेक्ष घनता. ते गुणोत्तर असल्याने त्याला एकक नसते. 'विशिष्ट गुरुत्व' ही याच राशीची जुनी संज्ञा होय. या संज्ञेतील 'गुरुत्व' म्हणजे जडपणा. वैशेषिक दर्शनातही 'गुरुत्व' हा पदार्थाचा एक गुण मानला आहे. आधुनिक विद्यार्थ्याला मात्र हा शब्द वाचताच गुरुत्वाकर्षण आठवते आणि ही राशी पृथ्वीच्या ओढीशी संबंधित असावी असे वाटते. वस्तुतः पदार्थाचे विशिष्ट गुरुत्व पृथ्वीवर आणि चंद्रावर सारखेच राहते.

विशिष्ट वजन: एकक आकारमानाचे वजन, म्हणजे घनता व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. त्याचे एकक न्यूटन प्रति घनमीटर आहे. विशिष्ट गुरुत्व आणि विशिष्ट वजन या संज्ञा शब्दशः सारख्या भासतात, परंतु पहिली केवळ संख्या आहे आणि दुसरी एककयुक्त राशी आहे. 'विशिष्ट' हे विशेषणही सर्वत्र एकाच अर्थाने येत नाही. 'विशिष्ट उष्मा' या संज्ञेत ते 'एकक वस्तुमानामागे' असा अर्थ दर्शवते, 'विशिष्ट वजन' यात 'एकक आकारमानामागे' असा, तर 'विशिष्ट गुरुत्व' यात 'पाण्याच्या तुलनेत' असा.

संहती: द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण. साखरेच्या पाकाची संहती वाढवली की त्याची घनताही वाढते, म्हणून दोन्ही राशी एकच असल्याचा समज होतो. पाण्यातील अल्कोहोलचे द्रावण याच्या उलट वागते. अल्कोहोलची घनता सुमारे ०.७९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे पाण्याहून कमी असल्याने संहती वाढते तशी द्रावणाची घनता घटते.

प्रकाशीय घनता: प्रकाशाच्या अपवर्तनाच्या संदर्भात पाठ्यपुस्तकांत 'घन माध्यम' व 'विरल माध्यम' हे शब्द येतात. येथे घन म्हणजे ज्यात प्रकाशाचा वेग कमी असतो असे माध्यम. रॉकेलचा अपवर्तनांक सुमारे १.४४ आणि पाण्याचा १.३३ आहे. म्हणून प्रकाशाच्या दृष्टीने रॉकेल पाण्यापेक्षा घन ठरते, परंतु ते पाण्यावर तरंगते.

लोकसंख्येची घनता: दर चौरस किलोमीटरमागे राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. २०११ च्या जनगणनेनुसार ती महाराष्ट्रात ३६५ आणि पुणे जिल्ह्यात ६०३ होती. या राशीत वस्तुमानही नाही आणि आकारमानही नाही. फळबागांच्या संदर्भातील 'घन लागवड' व 'अतिघन लागवड' या शब्दप्रयोगांतही एकक क्षेत्रातील झाडांची संख्याच अभिप्रेत असते.

इतर भारतीय भाषांतील संज्ञा

भारतीय भाषांत घनतेसाठी मुख्यतः 'घन' आणि 'सांद्र' या दोन संस्कृत शब्दांवरून संज्ञा बनल्या आहेत.

हिंदी: घनत्व. सापेक्ष घनतेला 'आपेक्षिक घनत्व', वस्तुमानाला 'द्रव्यमान', आकारमानाला 'आयतन' म्हणतात. 'सांद्रता' म्हणजे मराठीतील संहती.

गुजराती: घनता. संज्ञा मराठीशी एकरूप असली तरी वस्तुमानाला 'दळ' व आकारमानाला 'कद' म्हणतात. स्थायू पदार्थासाठी 'घन' हाच शब्द आहे.

बंगाली: घनत्व (उच्चार 'घनत्तो'). वस्तुमानाला 'भर' आणि आकारमानाला 'आयतन' म्हणतात. एखाद्या देशाच्या क्षेत्रफळासाठीही बंगालीत 'आयतन' हाच शब्द वापरला जातो.

कन्नड, तेलुगू व मल्याळम: अनुक्रमे सांद्रते, सांद्रत आणि सांद्रता. या तिन्ही भाषांत हा शब्द घनतेचा वाचक आहे. तेलुगू व मल्याळममध्ये द्रावणाच्या संहतीसाठी 'गाढ' शब्दावरून बनलेली संज्ञा योजतात.

तमिळ: अडर्त्ति. ही संज्ञा संस्कृतोद्भव नसून दाटी दर्शवणाऱ्या द्राविड धातूवरून आलेली आहे.

उर्दू: कसाफत. या अरबी मूळच्या शब्दाचा उर्दूत 'मलिनता' असाही अर्थ आहे.

'सांद्र' शब्दाचा प्रवास या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. आयुर्वेदातील गुर्वादी वीस गुणांत 'सांद्र' हा गुण 'द्रव' या गुणाच्या विरुद्ध सांगितला आहे. हाच शब्द दक्षिणेकडील भाषांत घनतेसाठी, हिंदीत संहतीसाठी आणि मराठी भूगोलात 'सांद्रीभवन' या रूपाने बाष्पाचे पाण्यात रूपांतर होण्याच्या क्रियेसाठी रूढ झाला. त्यामुळे सीमाभागात कन्नड माध्यमात शिकलेला, हिंदी पुस्तक वाचणारा आणि मराठी माध्यमात शिकलेला असे तीन विद्यार्थी 'सांद्र' या शब्दावरून तीन वेगवेगळे अर्थ घेऊ शकतात. 'संहती'चीही अशीच स्थिती आहे. मराठी रसायनशास्त्रात ती द्रावणातील प्रमाण दर्शवते, तर हिंदीतील काही भौतिकशास्त्रीय पुस्तकांत 'संहति' हा शब्द वस्तुमानासाठी वापरलेला आढळतो.

युरोपीय भाषांतील समांतर उदाहरणे

हा संभ्रम केवळ भारतीय भाषांपुरता मर्यादित नाही. इंग्रजीतील 'डेन्सिटी' आणि फ्रेंचमधील 'दांसिते' हे शब्द एकाच लॅटिन मुळापासून आले आहेत. तथापि शास्त्रीय फ्रेंचमध्ये 'दांसिते' म्हणजे सापेक्ष घनता. एकक आकारमानाच्या वस्तुमानाला तेथे 'मास व्होल्युमिक' म्हणतात. त्यामुळे फ्रेंच मजकुरातील एककरहित संख्या इंग्रजी वाचकाला अपूर्ण वाटू शकते. जर्मनमध्ये घनतेला 'डिख्टे' आणि विशिष्ट वजनाला 'विख्टे' अशा उच्चाराने जवळच्या संज्ञा आहेत.

मापनश्रेणींनीही गुंतागुंत वाढवली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान बोमे यांनी १७६८ मध्ये सुचवलेल्या द्रवघनतामापकाच्या दोन श्रेणी होत्या, एक पाण्याहून जड द्रवांसाठी आणि दुसरी पाण्याहून हलक्या द्रवांसाठी. खनिज तेलाच्या व्यापारातील 'एपीआय ग्रॅव्हिटी' या श्रेणीत पाण्याचा अंक १० असतो आणि तेल जितके हलके, तितका अंक मोठा असतो. नावात 'ग्रॅव्हिटी' असूनही तेथे मोठा अंक कमी घनतेचा निदर्शक आहे.

बारामती–इंदापूर परिसरातील व्यवहार

नीरा डावा कालवा आणि उजनी जलाशय यांच्या पाण्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊसशेती विस्तारली. सोमेश्वरनगर, माळेगाव आणि भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने आहेत. ऊसशेतीच्या जोडीने येथे दुग्धव्यवसायही वाढला. या दोन्ही व्यवसायांत घनतेचे मापन होते, परंतु ते 'घनता' या नावाने क्वचितच ओळखले जाते.

दूध: दूध संकलन केंद्रावर 'फॅट' आणि 'डिग्री' या शब्दांनी दुधाची प्रत सांगितली जाते. डिग्री म्हणजे दुग्धघनतामापकाचे, अर्थात लॅक्टोमीटरचे वाचन. हे वाचन २८ असेल, तर दुधाची सापेक्ष घनता १.०२८ असते, सुरुवातीचे १ व शून्य सोडून उरलेला भाग तेवढा बोलला जातो. डिग्री व फॅट यांवरून सूत्राने स्निग्धेतर घन पदार्थांचे, म्हणजे 'एसएनएफ'चे प्रमाण काढतात. गाईच्या दुधाच्या दरासाठी ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ ही प्रत आधारभूत मानली जाते.

दुधाच्या बाबतीत 'दाट' या शब्दाचा बोलीतील अर्थ आणि घनता यांत थेट विरोध दिसतो. साय अधिक असलेल्या दुधाला दाट म्हणतात. परंतु दुधातील स्निग्धांशाची घनता पाण्यापेक्षा कमी असल्याने साय वर येते आणि स्निग्धांश वाढल्यास दुधाची घनता कमी होते. साय काढलेल्या दुधाची सापेक्ष घनता सुमारे १.०३५ पर्यंत जाते, तर सायीसह गाईच्या दुधाची साधारणतः १.०२८ ते १.०३० असते. म्हणून दुधात पाणी घातले की डिग्री उतरते, साय काढली की ती चढते, आणि दोन्ही केल्यास डिग्री पुन्हा सामान्य दिसू शकते. केवळ डिग्रीवरून भेसळ ओळखता येत नाही आणि फॅटची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते, याचे कारण हेच आहे.

तापमानाचाही परिणाम होतो. लॅक्टोमीटर १५.५°, २७° किंवा २९° सेल्सिअस अशा वेगवेगळ्या प्रमाण तापमानांसाठी अंकित केलेले असतात. प्रमाण तापमानाहून गरम दुधात डिग्री कमी दिसते आणि थंड दुधात जास्त. वाचनात तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर निर्भेळ दूधही कमी प्रतीचे ठरू शकते. ज्या उत्पादकाला डिग्री हा शब्द घनतेचा वाचक आहे हे माहीत असते, त्याला या दुरुस्तीविषयी विचारणा करता येते.

ऊस: रसातील विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण 'ब्रिक्स' या अंकाने सांगतात. जर्मन अभियंता अडोल्फ ब्रिक्स (१७९८–१८७०) यांच्या नावाची ही श्रेणी शुद्ध साखरेच्या द्रावणाच्या घनतेवर आधारलेली आहे. २० ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम साखर. २०° सेल्सिअसला अशा द्रावणाची सापेक्ष घनता सुमारे १.०८३ असते. अर्थात ब्रिक्स ही व्याख्येने संहती आहे, परंतु काचेच्या ब्रिक्समापकाने ती घनतेवरून मोजली जाते. उसाची पक्वता पाहण्यासाठी शेतात वापरला जाणारा हातातील रिफ्रॅक्टोमीटर मात्र अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशीय घनता मोजतो आणि पट्टीवर ब्रिक्सचा अंक दाखवतो. घनता, प्रकाशीय घनता आणि संहती या तीन भिन्न राशी येथे एकाच नावाखाली एकत्र येतात. उसाच्या रसात साखरेखेरीज क्षार व इतर विद्राव्य पदार्थही असल्याने ब्रिक्सचा संपूर्ण अंक साखरेचा नसतो. साखरेचा अंश 'पोल' या अंकाने स्वतंत्रपणे मोजतात आणि पोल व ब्रिक्स यांच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता ठरते.

जमीन: शेतकरी काळ्या चिकणमातीच्या जमिनीला 'भारी' आणि मुरमाड किंवा वाळुमिश्रित जमिनीला 'हलकी' म्हणतात. ही विशेषणे जमिनीची खोली, ओलावा धरून ठेवण्याची क्षमता आणि मशागतीला लागणारे बळ यांवरून आली आहेत. मृदाशास्त्रातील 'स्थूल घनता', म्हणजे मातीच्या कणांमधील पोकळ्यांसह मोजलेली घनता, पाहिली तर बहुधा उलट चित्र दिसते. चिकणमातीची स्थूल घनता साधारणतः १.१ ते १.४ आणि वाळुमय मातीची १.५ ते १.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. मातीच्या सुट्या खनिज कणांची घनता दोन्ही ठिकाणी सुमारे २.६५ असते. अवजड यंत्रांच्या वर्दळीने माती दाबली गेली की स्थूल घनता वाढते, पोकळ्या घटतात आणि मुळांना हवा कमी मिळते. मृदा परीक्षणाच्या अहवालात वाढलेली स्थूल घनता वाचून 'जमीन भारी झाली', म्हणजे सुधारली, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते.

इंधन व बॅटरी: पेट्रोल पंपावर इंधनाची घनता १५° सेल्सिअस या प्रमाण तापमानाला रूपांतरित करून नोंदवतात. नोंदवलेल्या मूल्यापासून घन मीटरमागे ३ किलोग्रॅमपेक्षा अधिक फरक आढळल्यास भेसळीची शंका घेतली जाते. ही राशी तेथे 'डेन्सिटी' किंवा हिंदीतील 'घनत्व' या नावाने दिसते. गॅरेजमध्ये शिसे-आम्ल बॅटरीतील द्रवाच्या सापेक्ष घनतेला 'ग्रॅव्हिटी' म्हणतात. पूर्ण भारित बॅटरीत ती सुमारे १.२६ ते १.२८ असते, व्यवहारात दशांश चिन्ह गाळून ती १२६० किंवा १२८० अशी उच्चारली जाते.

शिक्षणावरील परिणाम

महाराष्ट्रातील अनेक शाळांत सेमी इंग्रजी पद्धतीने विज्ञान व गणित इंग्रजीतून आणि इतर विषय मराठीतून शिकवले जातात. अशा विद्यार्थ्याला भूगोलात 'लोकसंख्येची घनता' आणि विज्ञानात 'डेन्सिटी' भेटते. दोन्हींमागील 'एककामागे किती' ही समान कल्पना त्याच्या लक्षात येतेच असे नाही. मराठी माध्यमातून शिकून पुढे अभियांत्रिकी, कृषी किंवा वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला ज्ञात संकल्पनाच नव्या नावाने भेटतात. स्पर्धा परीक्षांसाठी हिंदी पुस्तके वाचणारा मराठी विद्यार्थी 'सांद्रता' या शब्दाचा अर्थ घनता असा घेण्याची शक्यता असते. अशा वेळी उत्तर चुकते ते विषय न समजल्यामुळे नव्हे, तर शब्दाचा अर्थ भाषेगणिक बदलल्यामुळे.

संज्ञा ओळखण्याचे संकेत

घनतावाचक संज्ञेचा नेमका अर्थ ठरवण्यासाठी तिचे नाव पुरेसे नसते. पुढील बाबी पाहिल्यास बहुतेक संभ्रम दूर होतात.

एकक: किलोग्रॅम प्रति घनमीटर असल्यास घनता, न्यूटन प्रति घनमीटर असल्यास विशिष्ट वजन. एकक नसल्यास सापेक्ष घनता संभवते, परंतु अपवर्तनांकासारख्या इतर गुणोत्तरांनाही एकक नसते.

सूत्र: कोणती राशी कोणत्या राशीने भागली आहे, हे पाहणे. द्रावणातील विरघळलेल्या पदार्थाचेच वस्तुमान अंशस्थानी असल्यास ती संहती. संपूर्ण द्रावणाचे वस्तुमान असल्यास ती घनता.

उपकरण: तरंगणारा मापक घनता दाखवतो, रिफ्रॅक्टोमीटर अपवर्तनांक दाखवतो आणि द्रव वाहण्यास लागणारा वेळ मोजणारे उपकरण श्यानता दाखवते.

अंकाचे स्वरूप: २८, १०२८ आणि १.०२८ हे अंक अनुक्रमे डिग्री, किलोग्रॅम प्रति घनमीटर व सापेक्ष घनता या रूपांत एकाच दुधाचे असू शकतात.

भाषा: 'सांद्रता' हा शब्द हिंदी मजकुरात संहती आणि कन्नड, तेलुगू किंवा मल्याळम मजकुरात घनता असा वाचावा लागतो.